शिलोहाचं पाणी

निपाणीच्या बसस्टँडवर आई मला पोचवायला आली ती हातात वहीचं एक पान घेऊन. बेळगावहून येणारी मुंबईची गाडी लागली होती. माझा धाकटा भाऊ शमुवेल बॅग डिकीत घालत होता, कंडक्टर कन्नडमध्ये घाई करत होता, आणि आई ते पान माझ्या मुठीत कोंबत होती. त्यावर तिच्या एकेक सुट्या काढलेल्या मोठ्या अक्षरांत गावांची नावं होती. काना. कफर्णहूम. नाईन. बेथानी. शिलोह. येशूनं जिथं जिथं चमत्कार केला म्हणून शास्त्रात सांगितलंय, ती सगळी गावं तिनं आठवून आठवून लिहिली होती.

"बघून आलीस की एकेकावर फुली मार," ती म्हणाली. "आनि मला फोन कर. कसं दिसतंय, माणसं कशी हायत, सगळं सांग."

ती रडली नाही. "प्रभू चालला त्या मातीत चाललीयास तू. रडायचं काय त्यात?" असं बाजूला उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी तिथं एका म्हाताऱ्याला अंघोळ घालायला आणि त्याचं डायपर बदलायला चालले होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण गल्लीत तिनं सांगितलं होतं, मार्था येशूच्या देशाला चाललीय. ते खोटं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की खरी गोष्टसुद्धा अशी सांगता येते, की तिच्यातलं अवघड तेवढं गळून जावं.

तुम्ही जे मागं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांसाठी मी हे लिहितेय. चांगलं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाही.

आई चौथी शिकलेली. निम्मं आयुष्य तिनं तंबाखूच्या वखारीत काढलं. दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी सोडून बसल्या की ती त्यांना चमत्कारांच्या गोष्टी सांगायची. ऐकणाऱ्यांत आमच्या चर्चच्या दोघीतिघीच, बाकी सगळ्या मराठा, जैन, मुसलमान बायका. पाण्याचा द्राक्षारस झाला ती गोष्ट त्यांना आवडायची, पण आईची स्वतःची गोष्ट एकच, जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाची. येशूनं थुंकीनं चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला आणि सांगितलं, जा, शिलोहाच्या तळ्यात धू. तो गेला, धुतलं, आणि त्याला दिसायला लागलं. हे सांगताना ती स्वतःचे डोळे मिटून तळव्यानं पुसायची आणि मग एकदम उघडायची. बायका दर वेळी हसायच्या.

मी जायच्या दोन वर्षं आधी तिला काचबिंदू निघाला. मी तेव्हा बेळगावला एका दवाखान्यात नर्स होते. मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही. राहिलेली टिकवायची तर थेंब घालायचे, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता, जन्मभर. मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवला, शमुवेलला बजावलं, आईकडून शपथ घेतली. मग माझं केअरगिव्हरचं काम ठरलं आणि मी निघाले.

मी जिथं कामाला लागले ते शहर म्हणजे तिबिर्या, गालीलच्या सरोवराच्या काठावरचं. म्हातारबाबांचं नाव एझ्रा. इथं आजोबांना 'सबा' म्हणतात, म्हणून मी त्यांना सबा म्हणायची. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. पाय गेले होते, डोकं लख्ख होतं. भिंतीवर मोठा नकाशा होता. दुपारी चहा झाला की ते काठीचं टोक नकाशावर ठेवायचे, मी त्या गावाचं नाव वाचायची आणि ते हिब्रूतला अर्थ फोडून सांगायचे. आमची भाषा म्हणजे तोडकी इंग्रजी आणि माझं रोज एक-दोन शब्दांनी वाढणारं हिब्रू.

कफर्णहूम म्हणजे कफर नाहूम, नाहूमचं खेडं. बेथलेहेम म्हणजे बेत लेहेम, भाकरीचं घर. मला ते फार आवडलं. सबा लगेच म्हणाले, "शास्त्र नीट वाच. त्याच भाकरीच्या घरात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब गाव सोडून परमुलखात गेलं होतं. नावाचा अर्थ म्हणजे गावाचा अर्थ नव्हे." ते स्वतः नऊ वर्षांचे असताना बगदादहून इथं आले होते. घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजाऱ्याला दिली, एवढंच ते त्याबद्दल सांगायचे. एकदा मी माझ्या नावाचा अर्थ विचारला. "मार्था? अरामी शब्द आहे. घरची मालकीण." आणि मी त्यांच्या पायांना तेल लावत होते.

दुसऱ्या एका दिवशी काठी काना गावावर गेली. "काना म्हणजे बोरू, वेत. बोरूचं गाव." मी म्हटलं, आमच्या बेळगावलाही जुनी माणसं वेणुग्राम म्हणतात, वेळूचं गाव. पाटीवर आता बेळगावी लिहिलेलं असतं, आमच्या तोंडात बेळगावच आहे, आणि त्यावरनं भांडणंही होतात. सबा खोकला येईपर्यंत हसले. "मग तू चुकून घरीच आलीस. इथंही पाटीवर एक आणि माणसांच्या तोंडात दुसरं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आईला फोन केला. तिला आनंद मावेना. "काना म्हंजे आपलं बेळगावच की गं! म्हंजे प्रभूनं पयला चमत्कार बेळगावात केला म्हण!" पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिनं सगळ्या मंडळीला ते सांगितलं. मग तिचा दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला, आज कुठल्या गावाचा अर्थ कळला? मी सांगायची, ती पाठ करायची. ते पहिलं वर्ष आमचं सगळ्यात चांगलं गेलं. मी गावात होते तेव्हा तरी इतकं कुठं बोलायचो आम्ही.

शिलोहाचा अर्थ तिला ठाऊक होता, शास्त्रातच दिलाय. 'पाठवलेला.' "तू बी पाठवलेलीच हायस," ती म्हणायची. मग एका फोनमध्ये तिनं ते मागितलंच. "मार्थे, मला त्या तळ्याचं पानी आनून दे. वाटीभर बास. डोळ्याला लावते."

मी विषय टाळला. ती दर फोनला विचारायची. त्याच सुमाराला गुंजीची कार्मेलिन, आमच्याच जिल्ह्यातली, खानापूरकडची, दोन गल्ल्या सोडून एका आजींकडं कामाला होती, ती सुट्टीवर गावी निघाली. तिनं आईला फोनवर सांगून टाकलं, "मावशी, पाणी दे म्हणावं मार्थाला, मी आणते." आता सुटका नव्हती.

शिलोह यरुशलेमात, आमच्यापासून बसनं तीन तासांवर. माझी सुट्टी शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, म्हणजे शब्बात, ज्यूंचा विश्रामवार, आणि शब्बातला बस नसते. सबांना एकटं सोडून मधल्या वारी जाता येत नव्हतं. त्यांच्या मुलीला विचारायला हवं होतं की एक दिवस येऊन बसशील का. मी विचारलं नाही. तिच्याकडं आदल्याच महिन्यात मी आजारपणाची रजा मागितली होती, पुन्हा तोंड उघडायची लाज वाटली. खरं सांगायचं तर एवढंच कारण. बाकी सगळं मी नंतर रचलं.

कार्मेलिन निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पातेल्यात घेतलं. उकळलं. झाकून गार केलं. मी नर्स होते, डोळ्यांत घाण जायला नको एवढं मला कळत होतं. ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली सोड्यानं धुतली, गरम पाण्यात उकळून घेतली, तिच्यात ते पाणी भरलं आणि कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शिलोह'. आईला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत. मी स्वतःची समजूत घातली की नळाला येणारं पाणीही शेवटी गालीलच्याच सरोवराचं असणार. आणि पाण्यानं काय होतंय? तिला बरं वाटेल.

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कार्मेलिननं बाटली दिली त्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, सगळ्यांसमोर आईनं बोट बुडवून डोळ्यांना लावलं. मग तिनं मला फोन केला. "दिसतंय गं मला. खिडकीच्या बाहीर पेरूची पानं दिसत्यात. एकेक पान." मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत उभी होते. "हो आई," एवढंच म्हटलं.

मंडळीतल्या बायका थेंब थेंब मागून न्यायला लागल्या. खालच्या गल्लीतली सुमन, जिची दोन बाळं पोटातच गेली होती, ती चमचाभर पाणी प्याली. वर्षाच्या आत तिला मुलगी झाली, धडधाकट. तिनं मुलीचं नाव शिलोह ठेवलं. आईनं शमुवेलकरवी मला बाळाचा फोटो पाठवला. मी तो उघडला आणि लगेच बंद केला.

बाटली पोचून दीड महिना झाला असेल, तेव्हा शमुवेलचा फोन आला. "आक्का, आईनं थेंब बंद केल्यात."

"कधीपासनं?"

"तुझं पानी आल्यापासनं. मी घालाय गेलो तर हात झटकती. म्हणती, प्रभूनं बरं केलंय, आता औषध घातलं तर त्याचा अपमान हुतोय."

मी आईला फोन केला. रागावले, समजावलं, डॉक्टरांचं वाक्य परत परत सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली. "तू तितं ऱ्हाऊन तुझा इस्वास असा कसा गं कमी झाला?" असं म्हणाली. मग माझ्या समाधानासाठी म्हणाली, बरं, घालते.

एक वाक्य पुरलं असतं. आई, ते पाणी नळाचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, जिभेवर होतं. मी म्हटलं, "घाल हं नक्की." आणि फोन ठेवला. पुढं प्रत्येक फोनला मी विचारायची, थेंब घातलेस? ती म्हणायची, व्हय. ती खोटं बोलतेय हे मला कळत होतं, आणि मी कुठल्या तोंडानं तिला खोटी म्हणणार होते?

काचबिंदू दुखत नाही. गाजावाजा करत नाही. कडेकडेनं नजर खात येतो. जवळजवळ वर्षभरानं एका सकाळी तिनं तापलेल्या तव्यावर हात टेकला, तवा दिसलाच नाही म्हणून. शमुवेल तिला बेळगावला घेऊन गेला. उजवा डोळा संपला होता. डाव्याला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं, पुढच्या काही महिन्यांत तेही गेलं.

मी निघायची तयारी केली आणि इकडं युद्ध सुरू झालं. विमानं बंद झाली. भोंगा वाजला की सबांना व्हीलचेअरवरनं घरातल्या सुरक्षित खोलीत ढकलत न्यायचं, दार लावायचं, मिनिटं मोजत बसायचं. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात अडकली होती. विमानं सुरू झाली तेव्हा सबा अंथरुणाला खिळले होते. त्यांना सोडून जाता आलं नाही. तुम्ही म्हणाल, परक्या म्हाताऱ्यासाठी थांबलीस आणि आईसाठी नाही. शमुवेलही तेच म्हणाला. मी त्याला कामाचे नियम सांगितले. खरं म्हणजे मला घरी जायची भीती वाटत होती आणि सबांचं आजारपण मला सोयीचं पडलं.

सबा गेले त्यानंतर विमानाला चार दिवस होते. तेव्हा मी शिलोहाला गेले. मधल्या वारी, बसनं, तीन तास. मी पाहिलं ते एक अरुंद, दगडी कुंड होतं, तळाशी हातभर पाणी, त्यात पाचोळा आणि कुणीतरी टाकलेली नाणी. पलीकडं जुन्या पायऱ्या उकरून काढायचं काम चाललं होतं, पत्रे लावले होते. खरं तळं तेच, असं एक गाइड त्याच्या मंडळींना सांगत होता. मी काठावर बसले. माझ्याजवळ रिकामी बाटली होती, मुद्दाम आणली होती. मी ती भरली नाही. तिला हे पाणी नेऊन देऊन काय सांगणार होते? त्या आंधळ्या माणसाला 'जा' म्हणून पाठवलं होतं आणि तो गेला होता. एवढंच तर त्यानं केलं होतं. मला तेवढंही जमलं नाही.

घरी पोचल्यावर दोन दिवस मी आईबरोबर नुसती वावरले. ती हातानं चाचपत लसूण सोलायची, माणसं पायांच्या आवाजावरनं ओळखायची. बाटली क्रूसाच्या खाली फळीवर होती, तळाला दोन चमचे पाणी शिल्लक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी शमुवेल कामावर गेला होता, त्याची बायको दळण आणायला गेली होती. आम्ही दोघीच होतो.

"आई, ते पाणी शिलोहाचं नव्हतं."

तिचे हात थांबले. "मग कुटलं?"

"मी काम करत होते त्या घरातलं. नळाचं. उकळून गार केलेलं."

तिनं हातातली लसणाची पाकळी चाचपून वाटीत टाकली. मग म्हणाली, "उकळून?"

"हो."

"म्हंजे इचार करून केलंस."

मी तिला बसचं सांगितलं, शब्बातचं सांगितलं, सबांच्या मुलीचं सांगितलं. ती मान हलवत होती, जशी ती वखारीत एखाद्या बाईचं घरचं गाऱ्हाणं ऐकताना हलवायची.

"न्हाय जमत म्हणायचं हुतंस. मी काय तितं येऊन मारनार हुते व्हय तुला?" तिनं लसणाची साल हातावरनं झटकली. "माझं डोळं गेलं ते गेलं. डाक्टरनं सांगितलंच हुतं. पन मी हितं बसून रोज म्हणत हुते, प्रभूनं न्हाय म्हटलं. त्याला न्हाय वाटलं. प्रभू न्हाय म्हणाला तर सोसता येतंय गं, मार्थे. आता मी कुणाचं नाव घेऊ?"

मी तिचे पाय धरले. तिनं ते सोडवून घेतले, हळूच, रागानं नाही.

"कशाला सांगितलंस? तुझं वझं उतराय?" आणि थोड्या वेळानं, "सुमनला सांगू नकोस. पाळकसाहेबास्नी न्हाय, शमुवेलला न्हाय. तिच्या पोरीला त्या नावानं हाका मारत्यात लोक."

मी महिनाभर राहिले. रोज सकाळी मी तिच्या अंघोळीचं पाणी काढायची, आणि रोज ती सुनेला हाक मारायची. मी एकदा म्हटलं, आई, मी घालते, माझं कामच आहे ते. ती म्हणाली, "व्हय, ते तुझं काम हाय. म्हणूनच नको." ती सुनेचा हात धरून मोरीकडं गेली. मी टॉवेल घेऊन दारात उभी राहिले.

नंतर मी इकडं परत आले. तिथं राहून काय करणार होते ते मला कळलं नाही, आणि मला थांब असं कुणी म्हटलं नाही. आता मी हैफाला एका आजींकडं असते. त्यांना नकाशांची आवड नाही, टीव्ही बघतात. माझ्याबरोबर आलेल्या पुष्कळ जणी आपापल्या घरी सांगतात की इथं सगळं छान आहे. मी त्यांना काही म्हणत नाही. फक्त एक सांगते, घरच्यांनी काही मागितलं आणि जमत नसलं, तर नाही म्हणा. तेवढं 'नाही' आपल्या माणसांना पचतं.

दर रविवारी उपासना संपायच्या वेळेला मी फोन करते. शमुवेल उचलतो आणि आईच्या कानाला लावतो. ती गल्लीत कोण चाललंय ते चपलांवरनं सांगते. पाळकसाहेबांचा नुसता श्वास ऐकून त्यांना बसायला सांगते. मला मात्र ती दर वेळी विचारते, "कोन?"

मी म्हणते, "मी आहे आई. मार्था."

माझं घर म्हणजे आता तेवढंच, नाव सांगून झाल्यावरची ती शांतता. कधी चार श्वासांची असते, कधी जास्त. मी फोन कानाशी घट्ट धरते आणि थांबते. मग ती म्हणते, "बोल."